होळीनंतरचे वजन

मेळघाटात होळीसाठी कोरकू कुटुंबे बाहेरगावच्या कामावरून परततात आणि आम्हा अंगणवाडी पर्यवेक्षिकांची खरी धावपळ त्यानंतर सुरू होते. २०२४ च्या होळीनंतर दीड वर्षाची एक मुलगी वजनाला आणली. दिवाळीपूर्वी तिच्या दंडाचे माप पिवळ्या, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या पट्ट्यात होते. आता ते ११ सेंटिमीटर, म्हणजे साडेअकराच्या लाल खुणेखाली आले होते.

दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवूनच घ्यावी लागते. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे सरळ दाबून सरकती पाटी तळव्यांना भिडवायची. आमच्या सेविका हे काम फार नेटके करतात. त्यांच्या आकड्यांवर शंका घेणाऱ्यांनी एकदा रडते मूल स्वतः मोजून पाहावे. लांबी ७२ सेंटिमीटर भरली, वजन ६ किलो २०० ग्रॅम. लांबीच्या मानाने वजन फारच कमी; हे मूल 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित होते.

पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहा, असे मी आईला सांगितले, तेव्हा तिने आपला हिशेब मांडला. दिवाळीआधी नवरा-बायकोने रोजगार हमीवर २७३ रुपये रोजाने काम केले होते. कायद्याने पंधरा दिवसांत मिळायला हवी ती मजुरी आलीच नाही, दुकानातली उधारी वाढली, आणि वीटभट्टीच्या मुकादमाने उचल देताच सारे घर निघाले. भट्टीवर आई विटा थापी, मुलीला सात वर्षांची बहीण सांभाळी. तिची शाळाही बुडाली.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. तरीही मजुरी रखडते, कारण वरून निधी वेळेवर सुटत नाही, आणि तो कधी सोडायचा हे ठरवणे राजकारणच आहे. आढावा बैठकीत मात्र मला विचारले गेले की मातेचे समुपदेशन कुठे कमी पडले. सॅम मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ पासून दिवसाला १२ रुपये ठरलेले असताना आईला आणखी काय समजवायचे, हा माझा प्रश्न इतिवृत्तात आला नाही.

आजी थोरलीजवळ राहायला तयार झाली, म्हणून आई केंद्रात गेली आणि मुलीचे वजन वाढू लागले. उचल फिटलेली नसल्याने दिवाळीनंतर हे कुटुंब पुन्हा भट्टीवर जाणार, हे उघड आहे. तिथल्या अंगणवाडीत मुलीचे नाव आधीच लागावे म्हणून मी त्या भागातील पर्यवेक्षिकेच्या मागे लागले आहे.