तिबिलिसीत शाकाहारी सासूबाईंना जेवायला नेताना

जॉर्जियाला यायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न थंडीचा नसतो, "तिथे खायचं काय?" हा असतो. इंटरनेटवर पाहावं तर सळईवर भाजलेलं डुकराचं मांस, शिंगातून पिलेली दारू आणि मधोमध अंड्याचा बलक तरंगणारी खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी. सोलापूरहून येणाऱ्या माझ्या सासूबाईंना कांदा-लसूण चालतो, पण अंडं नाही, आणि मांस शिजलेल्या भांड्यातलं तर काहीच नाही. म्हणून त्यांना मी मुद्दाम मार्चमध्ये बोलावलं. तिकिटं स्वस्त होती हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे ईस्टरच्या आधीचा मोठा उपास.

या साधारण सात आठवड्यांत जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चचे भाविक मांस, दूध आणि अंडी खात नाहीत. वर्षभर बुधवार-शुक्रवार पाळणारेही बरेच आहेत. त्यामुळे जुन्या वळणाच्या बहुतेक रेस्टॉरंटांत उपासाचं खाणं तयार असतं, त्याला 'सामार्खवो' म्हणतात. ऑर्डर देताना एवढं म्हटलं की लोणी, चीज, हाडांचं पाणी सगळं आपोआप बाद होतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर "मग चिकन चालेल ना?" असं प्रेमाने विचारणारे वेटर मला भेटले आहेत.

राजधानी तिबिलिसीच्या सोलोलाकी भागातल्या एका तळघरातल्या रेस्टॉरंटात आम्ही गेलो. विटांची कमान, लाकडी बाकं, भिंतीवर द्राक्षाच्या वाळक्या वेली. इथे आधी सूप, मग स्टार्टर, मग जेवण असा क्रम कोणी पाळत नाही. जे तयार होईल ते येतं, टेबलाच्या मधोमध ठेवलं जातं आणि सगळे त्यातून घेतात. जागा संपली की नवी ताटली जुन्या दोन ताटल्यांच्या काठावर टेकवतात. सुप्रा, म्हणजे इथली मेजवानी, असेल तर असे मजले चढवणं हेच यजमानाच्या दिलदारीचं माप.

आधी आली प्खाली: पालकाचे आणि बिटाचे लाडू, वर डाळिंबाचे दाणे. मग बद्रिजानी, तळलेल्या वांग्याच्या लांब कापांत अक्रोडाचं वाटण भरून केलेल्या गुंडाळ्या. जॉर्जियन स्वयंपाकाचं खरं मर्म मांसात नाही, या वाटणात आहे. अक्रोड, लसूण, कोथिंबीर, मिरची, थोडं व्हिनेगर, मेथीच्या जातीचा एक निळ्या फुलांचा मसाला आणि रंगासाठी वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड. हो, झेंडूच. त्याला इमेरेती प्रांताचं केशर म्हणतात. दसऱ्याच्या तोरणाचं फूल पोटात चाललंय हे ऐकून सासूबाईंनी घास क्षणभर हातात धरला, मग खाल्ला आणि ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

लोबियो झाकणाच्या मातीच्या मडक्यात येतो. राजम्याच्या जातीची घेवडी मऊ शिजवून थोडी घोटतात, वर कोथिंबीर. सोबत म्चादी, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकरी, आणि जोंजोली नावाचं फुलांच्या कळ्यांचं आंबट लोणचं. मडकं प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे सोवळ्याचा प्रश्न परस्पर सुटला. पण दुसरा उभा राहिला.

"अगं, उपासाला घेवडी आणि भाकरी?"

"चालते, आई. दूध नाही चालत."

"दूध नाही? मग दही?"

"तेही नाही."

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपला उपास ज्याच्या आधारावर निभतो ते दूध-दही इथे वर्ज्य आणि आपल्याकडे मोडणारं धान्य इथे पोटभर. "मग यांचा उपास मला वर्षभर चालेल," असा निकाल त्यांनी शेवटी दिला.

खिंकालीबद्दल सगळेच लिहितात, तरी थोडं लिहिते. चुण्या पाडून वर गाठ मारलेला हा उकडलेला प्रकार डोंगरातला, प्शावी आणि म्तिउलेतीकडचा. आत मूळचं मांस. उपासाच्या दिवसांत मशरूम किंवा बटाटा. देठ धरून उलटी करायची, छोटा चावा घ्यायचा, आतला रस ओढून घ्यायचा आणि मग खायची. काटा टोचला की रस ताटलीत आणि शेजारच्या टेबलाची नजर तुमच्यावर. वरची गाठ खायची नाही, ताटलीच्या कडेला ठेवायची, म्हणजे किती झाल्या ते कळतं. नगावर मिळते, दोन लारीच्या आसपास एक. लारी म्हणजे तीसेक रुपये. तिची मोदकाशी तुलना इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस करतो, म्हणून मी करत नाही.

सावधगिरी दोन ठिकाणी लागते. लोबियानी ही घेवडी भरलेली पोळी शाकाहारी वाटते, पण राचा प्रांताच्या पद्धतीत तिच्यात डुकराचं खारवलेलं मांस असतं. आणि उपास नसलेल्या दिवसांत खाचापुरीच्या चीजमध्येही पुष्कळदा अंडं फेटून घालतात. अजारुली खाचापुरीतलं दिसणारं अंडं "घालू नका" सांगता येतं, हे न दिसणारं विचारावं लागतं.

शेजारी मोठं टेबल होतं. तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, पन्नाशीचा एक भारदस्त माणूस. उपासात वाइन कितपत चालते यावर इथल्या माणसांची मतं त्यांच्या सोयीप्रमाणे असतात. परंपरेप्रमाणे प्याला मनाला येईल तेव्हा तोंडाला लावत नाहीत. तमादा उठतो, शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी असं एकेका विषयावर बोलतो आणि मग सगळे "गाउमार्जोस!" म्हणतात. नुसतं चिअर्स नव्हे, प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटांचं भाषण. माझ्या सासऱ्यांना भाषणांची आवड, एक अक्षर कळत नसताना ते माना डोलवत होते. थोड्या वेळात आमच्याकडे अंबर रंगाच्या वाइनचा एक जग आला.

ही वाइन क्वेव्रीतली. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात, त्यातून तो रंग येतो. युनेस्कोने ही पद्धत 2013 साली वारसा यादीत घेतली. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांत सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश मिळाल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते तुम्हाला इथला टॅक्सीवालाही ऐकवतो.

आम्ही भारतातले म्हटल्यावर तमादाने विचारलं, गोव्याच्या जवळचे का? सोलापूर किती जवळ हा वादाचा मुद्दा, पण मी हो म्हटलं. त्याने पुढचा प्याला राणी केतेवानसाठी उचलला. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची ही राणी 1624 साली शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने मारली गेली, कारण तिने धर्म सोडायला नकार दिला. ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत येऊन अवशेष जॉर्जियाच्या हवाली केले. आपल्याकडे ही बातमी वर्तमानपत्रात कुठे आली असेल तर आतल्या पानात. इथे ती त्या माणसाला महिन्यासकट पाठ होती. सासऱ्यांनी टार्रागॉन या सुगंधी पाल्याच्या हिरव्यागार लेमोनेडचा ग्लास उंचावला. लेमोनेडने टोस्ट करणं फारसं रीतीत बसत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही.

बिलाबद्दल एवढंच: मागितल्याशिवाय येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यात दहा ते अठरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. वर वेगळी टिप द्यायची की नाही ते बिलाची शेवटची ओळ वाचून ठरवा. उरलेलं बांधून मागायला लाजू नका, इथे सगळेच जास्त मागवतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्टेशनजवळच्या देझेर्तीर बाजारातून झेंडूची पूड आणि किलोभर अक्रोड घेतले, मराठीत घासाघीस करून. परत गेल्यावर त्यांनी सोलापूरला बद्रिजानी केली, व्हिनेगरऐवजी लिंबू पिळून. फोटो छान आला होता. सासऱ्यांचं म्हणणं, दाण्याचा कूट घातला असता तर एवढे अक्रोड वाचले असते.