जांभ्यापासून रेगडीपर्यंत: मे महिन्यातला मातीचा रस्ता

माती बघायला मे महिन्यासारखा महिना नाही. पिकं निघालेली, गवत वाळलेलं, नांगरट झालेली असते, त्यामुळे जमीन उघडी दिसते. म्हणून रत्नागिरीहून पुसदला जाताना मी वाट मुद्दाम लांबची घेतली: आंबा घाट, शिरोळ, सोलापूर, परभणी. सेंद्रिय शेतीची एकच कृती सगळीकडे चालते असं मानणाऱ्याने हा रस्ता एकदा तरी पालथा घालावा.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एवढं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतं आणि मागे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. इथल्या जांभ्या मातीची लाली लोहाची. माती आम्लधर्मी होते आणि स्फुरद (फॉस्फरस) त्या ऑक्साइडांना चिकटून बसतो. जमिनीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. इथे पाला हाच मोठा आधार. कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं ऑक्साइडांवरच्या त्याच जागा धरतात, म्हणून थोडा स्फुरद मोकळा राहतो. बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं असतील तर भातखाचरात चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो हिरव्या फांद्या पसरायच्या. पानं गळून पडली की काड्या गोळा करून बाहेर काढायच्या, मगच चिखलणी.

घाटाच्या पायथ्यापर्यंत भाजलेल्या राबाचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पाला जाळून भाजलेल्या जमिनीचे, काळे तुकडे दिसत राहतात. राबाने तणाचं बी मरतं हे खरं, पण ज्या पाल्याची या मातीला सर्वाधिक गरज, तोच धूर होऊन जातो. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळली तर रोपं सिलिकामुळे कणखर होतात आणि पाला जाळावा लागत नाही.

घाट चढून कोल्हापूर ओलांडलं की शिरोळ तालुका लागतो. कृष्णा-पंचगंगेचा हा पट्टा उसाचा, आणि याच पट्ट्यात जमिनीवर पांढरा थर फुटलेली शिवारं आहेत. भारी काळी जमीन, वर्षानुवर्षं पाटाचं भरपूर पाणी आणि निचरा नाही. भूजल वर येतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. पण सगळी खराब जमीन एकाच रोगाची नसते. विद्युत वाहकता (क्षारांचं माप) मीटरला ४ डेसिसायमनच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त. चर खणून निचरा केला आणि चांगल्या पाण्याने धुतली की सुधारते. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेला की ती चोपण. तिथे नुसतं पाणी सोडलं तर मातीचे कण आणखी विस्कटतात आणि पाणी वरच तुंबतं. चोपणीला आधी जिप्सम: वरच्या २० सेंटिमीटरमध्ये मिसळायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारतं, मग पाणी भरून सोडियम सल्फेट खाली न्यायचं. जमीन चुनखडीची असेल तर जिप्समऐवजी गंधक, कारण गंधकापासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते जमिनीतलीच चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळं करतं.

या जमिनीवर ड्रमभर जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) ओतून सोडियम हलत नाही, हे ठासून सांगायला हवं. चर आधी, मग जिप्सम, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक. धैंचा क्षार आणि पाणथळ दोन्ही सोसतो. एकरी २० किलो बी पेरून ४५ दिवसांच्या सुमारास, फुलोऱ्याच्या तोंडावर गाडायचा. उशीर झाला की खोड लाकडी होतं, ते कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं.

सोलापूरच्या हलक्या मुरमाड माळांवर न थांबता पुढे गेलो.

परभणीच्या शिवारात भेगा मनगट आत जाईल एवढ्या रुंद होत्या. ही काळी रेगडी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. एका शेताच्या मधून आणि त्याच शेताच्या बांधावरून अशी दोन वाळली ढेकळं घेतली, सुपारीएवढी, आणि स्वच्छ पाण्याच्या दोन पेल्यांत अलगद सोडली. शेतातलं ढेकूळ मिनिटाभरात विरघळून तळाशी गाळ झालं. बांधावरचं बुडबुडे सोडत राहिलं, पण तसंच टिकलं. माती एकच, फरक मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा आणि नांगर न लागल्याचा. ढेकूळ विरघळतं तिथे पहिल्याच पावसात वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब खालीच गुदमरतो. रेगडीत वाफसा (मशागतीजोगी ओल) यायच्या आधी औत घातलं तरी नुकसान होतं: फाळाखाली माती दाबून गुळगुळीत थर बनतो आणि मुळं तिथून आडवी वळतात.

शेवटचा टप्पा पुसद. कंपोस्ट खताची नाडेप टाकी देणारे नारायण देवताव पांढरीपांडे इथलेच. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी सोडलेली भोकं. सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण कालवलेलं सव्वाशे लिटर पाणी, त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती. असे अकरा-बारा थर दोन दिवसांच्या आत भरायचे. रेंगाळलं तर खालचे थर आधी तापतात आणि कुजणं एकसारखं होत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळली खोडं) आख्ख्या टाकल्या तर वर्षभर तशाच राहतात, त्या बोटभर तुकडे करूनच घालाव्यात. वरून शेणमातीचा लेप. दोन-तीन आठवड्यांत ढीग आठ-नऊ इंच खचतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. लेपाला पडलेली भेग दिसेल त्या दिवशी बुजवावी, तिथूनच ओल आणि नत्र जातं. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं, वाळवी दिसली तर कमी.

तीन ते चार महिन्यांत साधारण तीन टन खत निघतं, म्हणजे एका एकराला वर्षभर पुरेल एवढं. तेही ढीग घालून उन्हात ठेवू नये. पसरायचं त्याच दिवशी वखराची पाळी देऊन मातीत मिसळावं.