नऊ मीटरचा रस्ता आणि माझा एक गुंठा

त्या रस्त्यावर आजही बाभळी उभ्या आहेत, शेळ्या चरतात आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. पण नगरपालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे गावात पुढं कुठं काय होणार ते ठरवणाऱ्या नकाशात, तो नऊ मीटर रुंद आहे, आणि त्या नकाशातल्या रस्त्यानं माझे सात महिने खाल्ले.

मी फ्रिज-कूलर दुरुस्तीचं काम करतो. गाव जळगाव जिल्ह्यातलं, नगरपालिकेचं. नाव सांगत नाही, तिथंच राहायचंय. 2013 मध्ये गावाबाहेर एक गुंठा घेतला, 33 बाय 33. खरेदीखत रजिस्टर, पण ले-आउट मंजूर नाही, सातबारा सामाईक. त्यावर माझ्यासारखे अकरा जण. आमच्याकडे गरिबाचा प्लॉट असाच असतो. नाशिकच्या मावसभावाला म्हाडाच्या सोडतीत 20 टक्क्यांतलं घर लागलं, तेव्हा मला वाटलं आपणही अर्ज टाकावा. मग कळलं, दहा लाखांवर वस्ती असलेल्या महापालिकेत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधणाऱ्या बिल्डरला ही 20 टक्क्यांतली छोटी घरं ठेवावी लागायची. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहरच साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे खान्देशात तो नियम कुणाला लागूच नव्हता. आपल्याला उरलं काय, तर घरकुल योजनेचा, म्हणजे शहरी पंतप्रधान आवास योजनेचा, तेव्हाचा घटक क्रमांक 4: जागा तुमची, बांधकाम तुमचं, सरकारचे अडीच लाख. त्यात केंद्राचे दीड, राज्याचा एक.

पण जागा ‘तुमची’ हे नगररचनेच्या टेबलावर ठरतं. आधी गुंठेवारी, म्हणजे ले-आउट मंजूर नसताना विकलेले असे तुकडे, नियमित करायची. 2001 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे गुंठे त्यात घेतले. अर्ज, खरेदीखत, सातबारा, फेरफार, सहधारकांची संमती हे सगळं पंधरा दिवसांत जमलं. संमतीला त्रास होईल वाटलं होतं, पण अकराही जण एकाच नावेतले, त्यामुळे एका रविवारी सह्या झाल्या.

मग भाग नकाशा, म्हणजे विकास आराखड्यातला आमच्या गटापुरता तुकडा, काढला. प्लॉट पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी. हुश्श झालं. (हिरवा, म्हणजे शेतीचा, निघाला असता तर गोष्टच वेगळी झाली असती. प्लॉट घेण्याआधीच झोन दाखला काढायला हवा होता. मी तो दहा वर्षांनी काढला.) पण आमच्या गटाच्या कडेनं दोन समांतर रेघा गेलेल्या. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “मोजणीच्या नकाशावर हा रस्ता दाखवून आणा, मग बघू.”

भूमी अभिलेखला गेलो. तिथं म्हणे, “आम्ही ताब्याप्रमाणं हद्द दाखवतो. आराखड्याची रेष नगरपालिकेनं टाकायची.” परत नगरपालिकेत. “मोजणी त्यांची, आम्ही कशाला टाकू?” परत तिकडं. एप्रिल-मे माझा कमाईचा हंगाम, 45 डिग्रीत लोकांचे कूलर बंद पडतात आणि मी बाकावर बसून पंख्याची खडखड ऐकतो. एकदा उठून मीच तो पंखा दुरुस्त केला. त्याबदल्यात चहा मिळाला, रेष नाही.

घरी आई विचारायची, “घर कव्हय व्हई रे भाऊ?” मी म्हणायचो, रस्ता सापडला की.

तोंडी बोलत राहिलो, हीच माझी चूक. पाचव्या महिन्यात आमच्या लायसन्सवाल्या इंजिनिअरनं डोक्यात टपली मारून सांगितलं, दोन्ही ऑफिसांना एकच अर्ज दे, एकमेकांची प्रत माहितीसाठी लाव, आवक क्रमांक घे. अर्जात एकच मागणी लिहिली, की मोजणीच्या दिवशी नगररचनेचा आरेखक (नकाशे काढणारा) जागेवर पाठवावा. दोन आठवड्यांनी मुख्याधिकाऱ्यांचा शेरा पडला. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात होती. त्या दिवशी दोघंही आले, एकानं टेप धरली, दुसऱ्यानं नकाशा, आणि पाऊण तासात चुन्याची रेष पडली. सात महिन्यांचं काम पाऊण तासाचं निघालं, याचा राग मला अजून येतो.

रस्ता माझ्या प्लॉटच्या पुढच्या चार फुटांत घुसतो. 1089 चौरस फुटांपैकी 132 गेले. उरले 957. घरकुलाला 30 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) पुरतं, त्यामुळे पुढचं अंतर सोडूनही नकाशा बसला. शेजारच्या आप्पांचा प्लॉट कोपऱ्यावर, त्यांचा अर्धा गेला. ते अजून चकरा मारताहेत.

प्रशमन शुल्क (नियमित करून घ्यायची फी), विकास शुल्क भरलं, प्लॉट नियमित झाल्याचा आदेश आला, बांधकाम परवानगी तर चटकन मिळाली. हप्ते टप्प्याटप्प्यानं येतात, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर जिओ टॅगचा फोटो. पाया झाल्याचा फोटो काढायला पालिकेचा पोरगा आला तेव्हा त्यानं आईलाच जोत्यावर उभं केलं. ती पदर सावरून अशी उभी राहिली, जणू लग्नाचा फोटो.

हां, एक राहिलं. विकास आराखडा नव्यानं होतो तेव्हा आधी प्रारूप नकाशा प्रसिद्ध करतात आणि हरकतीसाठी 30 दिवस देतात. आमच्याकडे तो पालिकेच्या जिन्यात लावला होता म्हणे. मी त्याच जिन्यानं वर्षभर चढउतार करत होतो, वरच्या मजल्यावरचा वॉटर कूलर माझ्याकडेच होता. भिंतीकडे कधी पाहिलं नाही. तुमच्या गावात लागला असेल तर गट नंबर घेऊन जा, आणि नकाशा बारीक असतो, चष्मा न्या.