सणाचं जेवण आणि स्वयंपाकघराचा अर्ज

घरापासून लांब राहून सणाचं जेवण करता येतं. ते करायची परवानगी काढताना मात्र माणूस मेटाकुटीला येतो. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

काय करायचं ते ठरलं, सामान आलं, जेवायला कोण कोण येणार तेही कळलं. घोडं अडलं ते वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरापाशी. मला ते सणाच्या दिवशी चार तास हवं होतं, बस्स. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "कारण लिहिलेलं नाही." लिहिलं, सणाचं जेवण. "मग हा कार्यक्रम झाला. कार्यक्रमाचा अर्ज वेगळा." त्या वेगळ्या अर्जावर येणाऱ्यांची नावं, विजेच्या उपकरणांचे वॉट आणि वर 'जबाबदार व्यक्ती'ची सही. म्हटलं, मीच जबाबदार. तर अर्जदार आणि जबाबदार व्यक्ती एकच चालत नाही म्हणे! शेजारच्या खोलीतल्या मुलीला अक्षरशः ओढत आणून सही घेतली. तेव्हा कळलं की मंजुरी देणारे साहेब रजेवर आहेत. कशासाठी? सणाला घरी गेलेत.

मग टेबलाटेबलावर फिरणं. "उद्या बघू" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. अखेर आदल्या संध्याकाळी शिक्का पडला, तोही तीनच तासांचा.

वॉटचा रकाना तेवढा कामाचा होता, हे नाइलाजानं कबूल करते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर एकटीच जवळजवळ ९ अँपिअर ओढते. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोन लावाल तर अंधारात जेवाल.

तीन तासांत बसवायचं म्हणून जेवायच्या वेळेपासून उलटं मोजत आले. निवडणं, चिरणं, भिजवणं रात्री खोलीतच उरकलं. दुप्पट माणसांसाठी मीठ-तिखट एकदम दुप्पट घालू नका, आधी दीडपट घालून चाखा. आणि भरलेलं मोठं पातेलं त्याच शेगडीवर उकळी यायला फार वेळ घेतं, तो हिशेबात धरा.

हो, एक राहिलंच. आईला फोनवर प्रमाण विचाराल तर ती वाटीत सांगणार, आणि तिची वाटी तुमच्याकडे नाही. तिला वाटीभर पाणी मोजायला लावा, किती मिलिलिटर भरतं ते लिहून घ्या. आई कुरकुरते, पण मोजते.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या, फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. पातेलं तसंच आत ढकलू नका, पसरट भांड्यांत काढा म्हणजे लवकर निवतं.

आणि अर्ज दिलात की तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज "आलाच नव्हता" असं मला तोंडावर सांगितलं गेलं. पोच पुढे केली तेव्हा तो त्यांच्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली सापडला.