शेवटच्या डब्याचा दिवा

“अरे, पहिला आला ना तो? मग अजून काय बघत बसलायस?”

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी कधीतरी आई हे विचारतेच. तिचंही बरोबर आहे. स्पेनमध्ये संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपले रात्रीचे नऊ. ताटं वाढलेली असतात, आमटी निवत असते आणि मी लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपवर सायकली बघत असतो. वुएल्ता आ एस्पान्या, म्हणजे स्पेनची फेरी. 1935 साली सुरू झालेली. तीन आठवडे, 21 टप्पे आणि घाटांवर घाट. संयोजकांना सपाट रस्त्याचं काय वाकडं आहे कोण जाणे. चांगला डांबरी रस्ता सोडून हे लोक शेळ्या चरायला नेतात तिथे शर्यत नेतात.

हे मी उगीच म्हणत नाही. उत्तरेला अस्तुरियासमध्ये आंग्लिरू नावाचा डोंगर आहे. त्यावरचा रस्ता मुळात गुराख्यांचा. 1996 साली ओन्से या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या मिगेल प्रिएतो यांनी संयोजकांना पत्र लिहून तो सुचवला. सायकलवाल्यांना हा रस्ता दाखवला तो अंधांच्या संस्थेने, यात जो विनोद आहे तो चढताना कुणाला सुचत नसणार. साडेबारा किलोमीटरची चढण. पहिला अर्धा भाग माणसात असल्यासारखा, पुढे सगळं बिनसतं. शिखर जवळ आल्यावर ‘कुएन्या लेस काब्रेस’ म्हणून एक तुकडा लागतो, त्याचा अर्थच शेळ्यांची चढण. तिथे चढ साडेतेवीस टक्के. शंभर मीटर पुढे जायचं तर साडेतेवीस मीटर वर जायचं, म्हणजे सात-आठ मजले, आणि तेही शंभरेक किलोमीटर मारून झाल्यावर. आम्ही रविवारी सिंहगडाच्या घाटात सायकली घालतो, अर्ध्यात उतरून ‘जरा फोटो काढू’ म्हणतो. फोटो कुणी काढत नाही.

सपाटीवर या शर्यतीत बघण्यासारखं तसं काही नसतं. पावणेदोनशे माणसं रंगीत माशांच्या थव्यासारखी सर्रकन निघून जातात, आपल्याला फक्त हेल्मेटं दिसतात. घाटात मात्र तो थवा उसवतो. वेग इतका पडतो की चेहरे दिसायला लागतात. जर्सीची चेन पोटापर्यंत उघडलेली, ओठांच्या कडांना वाळलेलं मीठ, नाकाच्या शेंड्यावरून हँडलवर टपटपणारा घाम. आणि मग एकेक जण सुटतो. सुटणं बघायला शिकावं लागतं. आधी खांदे हलायला लागतात. मग पुढच्याच्या मागच्या चाकात आणि आपल्या पुढच्या चाकात वीतभर फट पडते. वीत हाताची होते, हात सायकलभर होतो. मग तो माणूस पुढे बघायचं सोडून खाली, स्वतःच्या पायडलकडे बघायला लागतो. झालं. कॅमेरा पुढे निघून जातो.

माझा जीव त्या सुटलेल्यात अडकतो. म्हणून पहिला आल्यावरही मी उठत नाही.

माझे मामा रेल्वेत होते, आडबाजूच्या स्टेशनावर. लहानपणी सुट्टीत गेलो की गाडी निघून जाताना ते मला जाऊ द्यायचे नाहीत. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दिसेपर्यंत थांबायचं, तो दिसला की गाडी अख्खी गेली. नाही दिसला तर अर्धी मागे कुठेतरी सुटली. वुएल्तात सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून जो सगळ्यांत पुढे असतो त्याच्या अंगावर लाल जर्सी असते. 2010 पासून लाल, त्याआधी सोनेरी होती. आणि क्रमवारीत जो सगळ्यांत शेवटी, त्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘फारोलियो रोखो’, लाल कंदील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मामांच्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटलं होतं. त्या कंदिलाच्याही मागून एक गाडी चालते, तिचं नाव ‘कोचे एस्कोबा’, केरसुणीची गाडी. ज्यांनी हात टेकले त्यांना गोळा करत येणारी.

नुसतं रमतगमत मागून यायचीही सोय नाही. विजेत्याला लागलेल्या वेळेवर काही टक्के जास्त, एवढीच मुदत. ती चुकली की दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं. म्हणून मागे पडलेले सगळे एकत्र येतात, आळीपाळीने वारा अंगावर घेतात, हिशोब करत चढतात. दिवसभर एकमेकांशी भांडणारे संघ या मागच्या घोळक्यात गुण्यागोविंदाने नांदतात.

2016 साली तर या घोळक्याने कहरच केला. फॉर्मिगालचा टप्पा, जेमतेम 118 किलोमीटरचा. आपल्याकडे हरितालिका होती, आई उपाशी आणि त्यामुळे माझ्यावर जास्तच बारीक लक्ष. टप्पा सुरू होतो न होतो तोच स्पेनच्या कोंतादोरने मुसंडी मारली, लाल जर्सीतला किंताना त्याच्याबरोबर निसटला आणि किंतानाचा मुख्य प्रतिस्पर्धी फ्रूम मागे अडकला. तिथेच त्याची शर्यत गेली. सगळ्या जगाने पुढची ती मारामारी बघितली. मागच्यांनी मात्र दोन घटका विचार केला आणि ठरवलं असावं की आज काही खरं नाही, सावकाश जाऊ. 93 जण मुदतीनंतर पोहोचले. पाचदहा मिनिटं उशीर नाही, विजेत्याच्या मागून पाऊण तास उलटून गेल्यावर! नियमाप्रमाणे सगळ्यांना घरी धाडायला हवं होतं. पण निम्म्याहून जास्त शर्यत घरी धाडायची तर उद्या पळवायचं कुणाला? पंचांनी सोडून दिलं. फ्रूमच्या संघातले बरेच गडी त्या घोळक्यातच होते, त्यामुळे पुढच्या लोकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर वर्ग अख्खा गृहपाठ न करता आला की मास्तर जे करतात तेच पंचांनी केलं.

सगळेच असे थंड डोक्याचे नसतात. 2002 साली आंग्लिरूवर पाऊस होता, संघांच्या मोटारीसुद्धा त्या चढावर अडकत होत्या. डेव्हिड मिलर हा ब्रिटिश सायकलवाला त्या दिवशी रस्त्यावर आपटला होता. तो तसाच वरपर्यंत आला, अंतिम रेषेच्या अलीकडे थांबला, पाठीवरचा नंबर काढून पंचांच्या हातात दिला आणि शर्यतीतून बाहेर पडला. तेव्हा तो एकूण क्रमवारीत पहिल्या दहात होता. रेषा हाताच्या अंतरावर! मी हा प्रसंग आईला सांगितला तर म्हणाली, “बरं केलं.” मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि सेप कुस. हा अमेरिकन गडी वर्षानुवर्षं आपल्या संघाच्या कप्तानांसाठी घाट चढायचा. कप्तानाच्या पुढे राहून वारा कापायचा, पाय संपले की बाजूला सरकायचं आणि दिसेनासं व्हायचं. 2023 साली जिरोत, म्हणजे इटलीच्या फेरीत, त्याने कप्तान रोग्लिचला मदत केली, रोग्लिच जिंकला. टूरमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या फेरीत, दुसरा कप्तान विंगेगार्ड याला मदत केली, विंगेगार्ड जिंकला. वुएल्तात दोघेही कप्तान हजर, आणि लाल जर्सी मात्र, आधीच्या एका टप्प्यात पुढे निसटलेल्या घोळक्यात तो असल्यामुळे, कुसच्या अंगावर. गणपती सहा दिवसांवर आले होते, मी मखराचे कागद चिकटवत होतो आणि समोर आंग्लिरू चालू होतं. चढणीवर रोग्लिच आणि विंगेगार्ड पुढे निघाले. आपल्याच संघातला, आपल्याच पाण्याच्या बाटल्या पुरवणारा माणूस लाल जर्सीत मागे सुटतोय आणि हे दोघे मागे वळूनही बघेनात! माझ्या बोटांना फेविकॉल लागलेला, तशीच बोटं मी टेबलावर आपटली. कुस तिसरा आला. जर्सी वाचली ती 8 सेकंदांनी. 8 सेकंदांत आमच्याकडे गॅसही पेटत नाही, लायटर खटखटत राहतो.

पुढे कप्तान शहाणे झाले की त्यांना शहाणं केलं गेलं, ते संघालाच ठाऊक. पण माद्रिदला शर्यत संपली तेव्हा कुस जिंकला, 17 सेकंदांनी. मागचे दोन नंबर त्याच दोघांचे.

त्या रात्री मी आईला बोलावून दाखवलं, हा बघ, मदतनीस होता, पहिला आला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. “बारीक आहे रे फार,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि आता याला पाणी कोण देणार?”

टीव्हीवाले शेवटच्यासाठी थांबत नाहीत. पहिल्या दहाबारांनंतर मुलाखती, फुलं, बाटल्या फोडणं, जाहिरात. मग मी फोनवर निकालाची यादी उघडतो आणि अंगठ्याने खाली, खाली, अगदी खाली जातो. तिथे एखादं नाव असतं, पुढे अधिक पस्तीस मिनिटं वगैरे लिहिलेलं.

“आला का तुझा तो शेवटचा?” आई आतून विचारते.

“आला.”

“मग ताटं उचल. आणि आमटी फ्रिजमध्ये ठेव, सांडेल असं पातेलं भरू नकोस.”