पहाटेची कादंबरी, रात्रीचा प्रयोग

आज पहाटे चारला कादंबरीचे अकरावे प्रकरण हाती घेतले आणि दोन पाने लिहून होतात तोच नेपथ्याचा टेम्पो पेठनाक्यावर बंद पडल्याचा फोन आला. पुढचा सारा दिवस निर्मात्याचा होता: दुसरा टेम्पो, नाट्यगृहाचे उरलेले भाडे, कलाकारांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन.

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्या गावात नाटक उभे करताना मनावर दडपण येते, आणि ते यावे असेच मला वाटते. राजाश्रय आता नाही. तिकीटखिडकीवर जे जमेल त्यातच भागवायचे.

तिसऱ्या घंटेला विंगेतून पाहिले, तर मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. तरीही दुसऱ्या अंकात वडील मुलाचे पत्र न वाचताच फाडतात, तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली, ती कादंबरीकाराच्या वाट्याला कधी येत नाही, कारण वाचक कोणत्या ओळीवर थांबला हे त्याला कळतच नाही. त्या शांततेसाठी मी पुन्हा कर्ज काढीन.

रात्री एकला सामान भरून घरी आलो. वही पहाटेच्याच पानावर उघडी आहे, वाक्य अर्धे आहे. ते पूर्ण करूनच झोपेन.