सोलापूर बघायचं तर जाणता माणूस सोबत घ्या

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशी देवदर्शनाची फेरी करणारी बरीच कुटुंबं सोलापुरात फक्त मुक्कामाला थांबतात. स्टेशनजवळ खोली, पहाटे गाडी, जाता जाता दोन चादरी. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. या वेळी आई-बाबांना आणि धाकट्या भावाला घेऊन मी निव्वळ सोलापूर बघायला गेले. दिवसभरासाठी एक खासगी गाईड ठरवला होता. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

गाईड कशाला, मोबाईलवर नकाशा आहे की, असं भाऊ म्हणत होता. सोलापुरात नकाशा तुम्हाला जागेपर्यंत पोचवतो, पण तिथे काय बघायचं ते कळत नाही. देवळात कन्नड कानावर पडतं, पूर्व भागातल्या पेठांत तेलुगू, बाजारात मराठी आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात. आमचे गाईड निवृत्त शिक्षक. घरची भाषा तेलुगू, शिकवलं मराठीतून, पुजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलणार आणि रिक्षावाल्याशी त्याच्या बोलीत. त्यांच्यामुळे जी दारं उघडली ती आम्हाला एकट्यांना उघडली नसती. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणत होतो, म्हणून इथेही सरच लिहिते.

ठरवताना फोनवर चार गोष्टी आधीच बोलून घ्या. पैसे दिवसाचे ठोक की तासांवर, गाडी त्यांची की आपली, दुपारचं जेवण कुणाकडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरेदीला कुठे नेणार. शेवटचं विचारायला संकोच करू नका. ज्या शहराचं नाव चादरीशी जोडलेलं आहे तिथे दिवसाचा अर्धा वेळ दुकानांत जाऊ शकतो. मी सरांना स्पष्ट म्हटलं, ‘खरेदी सगळ्यात शेवटी, तासाभरात.’ ते म्हणाले, ‘ताई, आधी माग बघा, मग चादर घ्या. उलटं केलं तर काही कळत नाही.’ दिवसाचा क्रम तिथेच ठरला.

मुंबईकडून येणाऱ्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, सकाळी लवकर सोलापूर. आईचे गुडघे दुखतात म्हणून एका दिवसासाठीसुद्धा खोली घेतली. अंघोळ आणि दुपारी तासभर पाठ टेकायला तिचा फार उपयोग झाला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा खर्च टाळू नका.

सकाळ सिद्धेश्वर मंदिराची. तलावाच्या मधोमध देऊळ, तिथवर नेणारी वाट, दोन्ही बाजूंना पाणी. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, बसवेश्वरांच्या काळातले शरण म्हणजे शिवभक्त संत, यांचं हे स्थान. लोकांचे हात एकत्र आणून त्यांनी तलाव खणवला आणि गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, ही इथली श्रद्धा. सरांनी आम्हाला आत नेण्याआधी बाहेर बसवून कुंभारकन्येची कथा सांगितली. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं. त्यांनी आपण संन्यस्त असल्याचं सांगून योगदंडाशी विवाह करायची परवानगी दिली. संक्रांतीच्या वेळी होणाऱ्या यात्रेत याच विवाहाच्या अक्षता पडतात. उंच नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या मानाच्या काठ्या, एकूण सात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी कमरेला आधार घेऊन तोलत नेतात. ६८ लिंगांची प्रदक्षिणा, मग संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम मैदानावर होम. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. हे सांगताना सरांचा आवाज बदलला. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा जयघोष त्यांनी हळूच म्हणून दाखवला, तर शेजारच्या बाकावरचे आजोबाही पुढचं म्हणू लागले.

संमती कट्टा आवर्जून बघा. दिसायला साधा. कथा माहीत नसेल तर नजर तिथे ठरणारही नाही, आणि कथा ऐकल्यावर आई तिथून लवकर उठायला तयार नव्हती. देवळात सकाळी आठच्या आत पोचा. वाट फरशीची आहे, ऊन चढलं की अनवाणी पाय भाजतात. आईसाठी मोजे नेले होते, ते कामाला आले.

तलावाच्या काठालाच भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, पुढे निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत सापडलेला. चांदबिबीच्या लग्नात तो निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदण गेला, तो परत मिळवण्यावरून पुढे झगडे झाले. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांकडून घेतला. दुहेरी तटबंदी, खंदक, बुरूज, आत बाग. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते आत उघडं पडलेलं जुनं मंदिर. खांब, कोरीव दगड, आणि वर नंतरच्या राजवटींचं बांधकाम. सर म्हणाले, ‘इथं दगड वाया जात नव्हता, ज्याचं राज्य त्याच्या भिंतीत जायचा.’ तटावर चढून तलाव आणि देऊळ एकदम दिसतं, फोटो तिथूनच चांगले येतात. पायऱ्या उंच आहेत. बाबा चढले, आई खाली सावलीत बसली. पाण्याची बाटली सोबत ठेवा.

तिथून रिक्षाने चार पुतळ्यांपाशी. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. या चार नावांशिवाय सोलापूर पाहिलं असं म्हणता येणार नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. गोळीबार झाला, कचेऱ्या जळल्या, पोलीस माघारी गेले, काही दिवस गावात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. गांधी टोपी घातली म्हणूनही माणसांना शिक्षा झाल्या. या चौघांवर खटला भरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चौघं चार वेगवेगळ्या समाजांतले. पुणे-सोलापूर गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस का, हे त्या गाडीने अनेकदा आलेल्या बाबांना तिथे उभं राहून कळलं. शाळेच्या पुस्तकात मार्शल लॉवर एखादं वाक्य असतं, आणि इथे ज्या रस्त्यांवर ते घडलं तिथेच आपण उभे असतो. सोलापूरला मुलं घेऊन जाणार असाल तर या जागेला घाईत हात लावून पुढे निघू नका.

जवळच इंद्रभुवन. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला वाडा, महापालिकेची देखणी इमारत. नक्षीकाम बघायला बाहेरून अर्धा तास पुरतो. कामाच्या दिवशी लोकांची ये-जा असते, मध्ये उभं राहून फोटो काढत वाट अडवू नये.

दुपारी जेवणाला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, पिठलं. भाऊ सुक्या मटणावर खूश. शेंगाची चटणी हाताने कुटलेली घ्या. ती तेलकट, ओबडधोबड, लसणाचा वास असलेली असते आणि बोटाने दाबली की तेल सोडते. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, कुठे मिळाली तर सोडू नका. हिवाळ्यात शहराबाहेर हुरड्याच्या पार्ट्या असतात. मंगळवेढा-मोहोळचा हा ज्वारीचा मुलूख आहे, मालदांडीची भाकरी इथे खाल्ल्यावर घरचं पीठ आठवत नाही.

दुपारची विश्रांती झाल्यावर पूर्व भाग. याच्यासाठीच मी आले होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेल्या पेठा: साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ, पुढे अशोक चौक, आणि अक्कलकोट रस्त्याकडे औद्योगिक वसाहत. दुकानांवर तेलुगू पाट्या, मार्कंडेयाचं मंदिर, नारळी पौर्णिमेला निघणारा रथोत्सव. सोलापूर एकेकाळी गिरणगाव होतं. १८७० च्या दशकात सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर घड्याळं लावणारं हे शहर. गिरण्या बंद पडल्या तरी सूत मात्र घराघरांत आणि छोट्या कारखान्यांत चालूच राहिलं.

सरांच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्यात गेलो. दाराबाहेरूनच आवाज छातीत बसतो. आत शिरताच माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागावर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणवणारं यंत्र, वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ. एकेक कार्ड फिरतं, त्या भोकांप्रमाणे ताण्यातले धागे उचलले जातात, धोटा पलीकडे जातो आणि नक्षीची एक ओळ पुरी होते. चादर दोन्ही बाजूंनी तीच नक्षी दाखवते, फक्त रंग उलटे. एका बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसरीकडे पांढऱ्यावर मरून. घरातली चादर आपण वर्षानुवर्षं अंथरली, पण अशी उलटून कधी पाहिली नव्हती. कामगार काकांनी माग क्षणभर थांबवला, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारली आणि पुन्हा सुरू केला. ‘कुठनं येलालाव?’ त्यांनी विचारलं. कल्याण म्हटल्यावर त्यांची मुलगी तिकडेच नोकरीला असल्याचं कळलं. मग पाच मिनिटं आमची नाही, त्यांचीच चौकशी चालली.

उत्पादनाच्या दरावर चालणारं काम आहे हे लक्षात ठेवा. माग थांबला की त्या माणसाचे पैसे थांबतात. म्हणून जास्त वेळ थांबवू नये, फोटो विचारूनच काढावा आणि सैल ओढणी किंवा पदर खोचून आत जावं. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी आहे ते गाईडकडून आधीच पक्कं करून घ्या, नाहीतर बंद दार बघून परत यावं लागेल. लहान मुलं असतील तर कानात कापूस घाला.

याच भागात विडी वळणाऱ्या बायका आहेत. सूप मांडीवर, पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, हात इतका जलद की नजर मागे राहते. शहराजवळच्या कुंभारी गावाला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहत उभी राहिली ती त्यांच्याच लढ्यातून. आम्ही त्यांच्या दारात उभं राहून बघितलं नाही, आणि तुम्हीही बघू नये असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या उंबऱ्यावरचं रोजचं काम पाहुण्यांच्या कार्यक्रमात बसवायचं नसतं. सरांनी त्या कामाची रीत, दर आणि आजार आम्हाला चालता चालता समजावले, तेवढं पुरे झालं. गाईड जर ‘चला, आत जाऊन बघू’ म्हणाला तर नको म्हणा.

परतताना भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. सोलापुरात १९१० मध्ये जन्म, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला, युद्धात जखमींवर उपचार, १९४२ मध्ये तिकडेच मृत्यू, वय अवघं ३२. स्मारक त्यांच्या घरातच आहे, खोल्यांत छायाचित्रं लावलेली आहेत. अर्ध्या तासात होतं आणि स्टेशनपासून जवळ आहे, म्हणून दिवसाच्या शेवटी ठेवणं योग्य.

खरेदी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडे तयार झालेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो. आधी माग पाहिला असेल तर हात आपोआप तपासतो: चादर उलटून दोन्ही बाजूंची नक्षी बघा, वजन हातात घ्या, कडेची वीण बघा, आणि फार मऊ लागत असेल तर सूत कोणतं ते विचारा. पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग जातो, वेगळी भिजवा. आम्ही कारखान्याच्याच गाळ्यातून घेतल्या.

वाहनाबद्दल एक सांगते. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक या भागांत संध्याकाळी मोठी गाडी अडकून पडते. सकाळच्या देऊळ-किल्ल्यासाठी रिक्षा, पूर्व भागासाठी गाडी, असं आम्ही केलं आणि ते चांगलं जमलं. बाजाराचा भाग पायी करा.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा वयस्करांना आणू नका. पुण्याहून येणाऱ्यांना संध्याकाळची हुतात्मा सोयीची, पण ती परत सोलापूरहून सकाळी निघते, म्हणजे मधला अख्खा दिवस मिळवायला दोन रात्री मुक्काम धरा. मुंबईकरांना सिद्धेश्वर रात्री परत घेऊन जाते, सामान खोलीवर ठेवून दिवसभर मोकळं फिरता येतं. जानेवारीत यात्रेला जायचं असेल तर खोली आणि गाईड दोन्ही डिसेंबरच्या आधी ठरवा, आणि १२ जानेवारीला पोचा. त्या दिवशी चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो, आणि लगेच नंदीध्वजांची मिरवणूक सुरू होते.